स्वयंतोल सायकलची परीक्षा चढता-उतरताना व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपोआप तोल सांभाळणाऱ्या सायकलींविषयी अलीकडे वरचेवर वाचायला मिळते आणि बहुतेक बातम्यांसोबत एकच दृश्य असते : रिकामी सायकल, स्टँड न लावता, कुणी न धरता, जागच्या जागी उभी. दृश्य विलक्षण आहे यात वाद नाही. परंतु हे तंत्रज्ञान ज्येष्ठांसाठी आहे असे जेव्हा त्याच बातमीत म्हटले जाते, तेव्हा साठी उलटल्यावरही नियमाने सायकल चालवणाऱ्या माझ्यासारख्याला विचारावेसे वाटते की, आम्ही नेमके केव्हा पडतो याचा शोध घेऊन मग ही सायकल बनवली आहे काय?

सायकल वेगात असताना आम्ही सहसा पडत नाही. पडतो ते टांग मारताना, उतरताना, किंवा गर्दीतून अगदी हळू जाताना. उतरण्याचेच उदाहरण घ्या. वेग कमी होतो, डाव्या पायडलवर सगळा भार येतो, उजवा पाय सीटवरून मागे फिरवायचा असतो आणि कंबर पूर्वीसारखी वळत नसल्याने तो कॅरिअरला अडकतो. तेवढ्या अर्ध्या क्षणात सायकल एका बाजूला कलते, आणि जमिनीला टेकवायला मोकळा पाय उरलेला नसतो. तरुण माणूस अशा वेळी उडी मारून सुटतो. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर पुष्कळांची सायकल कायमची सुटते. मागून वाहन येते आहे का हे पाहतानाही असेच होते. मान आखडलेली असल्यामुळे मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर हात, आणि सायकल नकळत रस्त्याच्या मध्याकडे सरकते.

सायकलचा तोल मुख्यतः हँडलमधून राखला जातो, हे येथे लक्षात घ्यायला हवे. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळवायचे, म्हणजे चाके पुन्हा शरीराच्या भाराखाली येतात. हे आपण आयुष्यभर न कळत करत असतो. चाके फिरत असल्यामुळे भोवऱ्यासारखी उभी राहतात, एवढेच स्पष्टीकरण पुरेसे नाही. नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांतील संशोधकांनी २०११ मध्ये चाकांचा हा परिणाम मुद्दाम नाहीसा केलेली एक प्रायोगिक सायकल बनवली होती, आणि ढकलून सोडून दिल्यावर तीही स्वतःला सावरत सरळ गेली. त्याआधी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार एक नमुना सायकल, हँडलला हात न लावता, सुमारे १५ ते २२ किलोमीटर ताशी वेगातच आपणहून सरळ राहते. ज्येष्ठ माणूस भाजीपाल्याची पिशवी लावून जाताना यापेक्षा हळू जातो, म्हणजेच सायकलची अंगभूत मदत जेथे संपते नेमका तेथेच तो असतो. त्या वेगात तोल टिकवायला हँडल मोठ्या प्रमाणात आणि झटपट हलवावे लागते, आणि वय वाढले की कानातील तोलाची यंत्रणा, तळपायाची जाणीव व हाताची चपळाई या तिन्ही गोष्टी मंदावतात.

म्हणूनच डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाने गझेल या सायकल कंपनीच्या साथीने २०१९ मध्ये दाखवलेली प्रायोगिक सायकल मला अधिक महत्त्वाची वाटते. तिच्या हँडलच्या दांड्यात एक मोटर आहे. सायकल कलू लागली की संवेदक (सेन्सर) ते ओळखतात आणि मोटर हँडल योग्य बाजूला वळवते. ताशी ४ किलोमीटरच्या वर ही सायकल सरळ राहते, असे तिच्या निर्मात्यांनी सांगितले. ती नेदरलँड्समध्ये घडली हेही सयुक्तिक आहे, कारण २०१७ साली तेथे अपघातांत २०६ सायकलस्वारांचा मृत्यू झाला आणि मोटारीतून जाताना मृत्यू पावलेल्यांपेक्षा हा आकडा जास्त होता.

याउलट, थांबलेली सायकल उभी ठेवायची तर बहुधा वेगाने फिरणारे जड चक्र बसवले जाते. जपानच्या मुराता कंपनीने २००५ मध्ये असाच एक छोटा सायकलस्वार यंत्रमानव दाखवला होता, आणि तो जागीच तोल धरून उभा राहत असे. पण माणसाचे वजन पेलण्याइतके चक्र बसवले की सायकलचे वजन वाढते, बॅटरीवर ताण येतो, आणि दारातली पायरी चढवताना ती सायकल हाताने उचलणार कोण? तीनचाकी घ्या, हा सल्लाही सरसकट लागू पडत नाही. ती उभी राहते हे खरे, परंतु वळणावर दुचाकीसारखी आत कलत नाही, त्यामुळे वेगाने वळल्यास आतले चाक उचलले जाते. जन्मभर दुचाकी चालवलेल्या माणसाला तर हे फार उशिरा कळते.

हँडलला मदत करणाऱ्या मोटरबाबतही काही गोष्टी मात्र स्पष्ट व्हायला हव्यात. डावीकडे वळायचे असताना अनुभवी सायकलस्वार आधी हँडलला उजवीकडे अगदी बारीक धक्का देतो. ही जाणूनबुजून केलेली हालचाल आणि तोल जाण्याची सुरुवात यांतला फरक यंत्राला ओळखता आला पाहिजे. मोटरचा जोर इतकाच असावा की आमच्या हातांना तो सहज मोडून काढता येईल. बॅटरी उतरली किंवा संवेदक बिघडला, तर हँडल अडकून न राहता ती साधी सायकल व्हावी, आणि मदत बंद झाल्याची सूचना आधी मिळावी. कारण मदतीची सवय लागलेल्या माणसाची स्वतःची तयारी हळूहळू कमी होणार, हे गृहीत धरूनच रचना केली पाहिजे.

मोटर काहीही असो, ताशी ४ किलोमीटरच्या खालचा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष चढणे-उतरणे, तिच्याने सुटत नाही. त्यासाठी खाली झुकलेली, पाय सहज आत घालता येणारी चौकट आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट लागते. नेदरलँड्समधल्याच ट्वेंटे विद्यापीठाच्या प्रायोगिक सायकलीत वेग कमी झाला की सीट आपोआप खाली येत असे. या उपायाला प्रसिद्धी फार मिळाली नाही, पण माझ्या मते ज्येष्ठांच्या दृष्टीने त्याची किंमत जागी उभ्या राहणाऱ्या सायकलपेक्षा कितीतरी अधिक आहे.

तेव्हा उत्पादकांना विनंती अशी की, आपल्या सायकलची चाचणी सत्तरीच्या स्त्री-पुरुषांकडून, चढणे, उतरणे, मागे वळून पाहणे आणि चढावर थांबून पुन्हा निघणे या चार प्रसंगांत करावी आणि तिचे निष्कर्ष तरुणांच्या चाचण्यांत न मिसळता वेगळे जाहीर करावेत. अशी सायकल बातमीत आली की तिचे वजन किती, कोणत्या वेगाखाली मदत बंद होते आणि बिघाड झाल्यास हँडलचे काय होते, एवढे आपल्या प्रतिनिधींनी विचारून छापावे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ सायकलस्वार