बंद क्वार्टर पाडेपर्यंत तरी कुणाला राहू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लातुरात आमच्या गल्लीच्या मागं एका सरकारी खात्याची जुनी कॉलनी आहे, ती पाडून तिथं नवीन बिल्डिंग होणार म्हणून कर्मचाऱ्यांना क्वार्टर खाली करायला लावले त्याला आता सहा वर्षं होतील, पण अजून एक वीटसुद्धा हलली नाही. दाराला कुलपं आहेत, अंगणात बाभळी उगवल्यात.

त्या कॉलनीच्या कंपाउंडला लागून जळकोटकडच्या बांधकाम मजुरांची चार-पाच पालं आहेत. त्यातल्या एका ताईची चूल भिंतीला टेकूनच आहे, भिंत धुरानं काळी झालीय. आणि भिंतीच्या पलीकडं दहा फुटावर त्याच क्वार्टरचं स्वयंपाकघर, ओटा आहे, मोरी आहे, धूर जायला झरोका आहे, सगळं बंद. मागच्या जूनमध्ये रात्री वादळी पाऊस आला तेव्हा त्या ताई लेकरं घेऊन एका क्वार्टरच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या तर वॉचमननी हाकलून दिलं. त्याचंही चुकलं म्हणत नाही, त्याला वरून तशीच ऑर्डर आहे. पण ते बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

माझं म्हणणं एवढंच की जोपर्यंत पाडायचं टेंडर निघत नाही तोपर्यंत ही घरं मजुरांना, सिव्हिलला पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना, ट्युशनसाठी खेड्यातून आलेल्या गरीब पोरांना थोड्या भाड्यानं द्या. हे काही जगावेगळं नाही. 2020 मध्ये लॉकडाऊननंतर केंद्रानंच योजना काढली होती, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहर विकास योजनेतून बांधून रिकामी पडलेली सरकारी घरं स्थलांतरित मजुरांना भाड्यानं द्यायची. नेदरलँडमध्ये तर पाडायला काढलेली घरं तात्पुरती भाड्यानं देण्यासाठी वेगळा कायदा आहे, नगरपालिकेचं परमिट घ्यायचं आणि द्यायची. आपल्याकडं 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती, आणि पालं काही कमी होईनात.

हा विषय काढला की साहेब लोक लगेच म्हणतात, एकदा आत घुसले की निघणार नाहीत, संभाजीनगरची लेबर कॉलनी आठवते ना. आठवते की. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये रिटायर झाल्यावरही लोक राहिले, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी मे 2022 मध्ये बुलडोझर लावून घरं पाडली, ते बघून कुणालाही वाईट वाटलं असेल. पण म्हणून कुणालाच घर द्यायचं नाही हा काही त्याच्यावरचा उपाय नाही. पहिल्याच दिवशी अकरा महिन्यांचा करार करा, त्यात तारीख लिहा, मालकी हक्क किंवा पुनर्वसनाचा दावा राहणार नाही हे मराठीत वाचून दाखवा, आणि पाडायच्या तीन महिने आधी नोटीस द्या. सरकारी जागा खाली करून घ्यायला 1955 पासून कायदा आहेच. खाजगी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर करार आहे, मुदत संपली की 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या 24 व्या कलमानं ताबा मागता येतो.

एक गोष्ट मात्र सक्तीची पाहिजे, आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारत किती मजबूत आहे याची तपासणी. आम्ही 30 सप्टेंबर 1993 ची पहाट बघितलेली माणसं आहोत, किल्लारीच्या भूकंपात झोपेतच घरं अंगावर पडली. स्लॅब धोकादायक असेल तिथं एक रात्रसुद्धा कुणाला ठेवू नका. पण आमच्या मागच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांना नुसती लाईट, नळ आणि दाराला कडी लावली तरी राहता येईल असं तिथं आधी राहिलेले लोकच सांगायलेत.

परवा त्या ताई घागर भरायला आमच्या नळावर आल्या होत्या. दादा, ह्या घरात कुणी राहायला येणार हाय का, म्हणल्या. मी म्हणलो, नाही, पाडणार आहेत. कधी, म्हणल्या. मला सांगता आलं नाही, निदान तेवढं तरी त्या खात्यानं तुमच्या पेपरातून सांगावं.

आपला,
एक वाचक, लातूर