काचेतला समुद्र आणि माझी रजा

न्युरेंबर्ग

तीर्थरूप आई-बाबा,

शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. बाबा, हयात टपाल खात्यात काढलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवर तीन-तीन ओळी पाठवण्यापेक्षा हे बरं वाटलं. शिवाय गेल्या रविवारी फोनवर माझ्या मासे-प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरून तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होता. तुमचं चाललं होतं, ‘फिल्टर नाही, तर घाण जाते कुठे?’ आणि आईचं, ‘खावचे नाय तर पाळतंस कित्याक?’ पण फोन ठेवता ठेवता आई जे म्हणाली ते लागलं. आता घरात मासे आणलेत, म्हणजे तू काही गणपतीला यायची नाहीस.

येणार आहे. चांगली चार आठवडे येणार आहे. ही टाकी मी मुळात सोडून जाता येईल अशीच मांडली आहे. कशी, ते सविस्तर लिहिते, म्हणजे आईचा संशयही फिटेल आणि तुमच्या चौकशांची उत्तरंही होतील.

टाकी ऐंशी सेंटिमीटर लांब आहे, पाणी साधारण दीडशे लिटर. कपाट, खडक, काच धरून दोनशे किलोच्या वर वजन, म्हणून भिंतीला लागून ठेवली. नवशिक्याने लहान भांड्यापासून सुरुवात करावी असं कुणालाही वाटेल, पण खाऱ्या पाण्यात उलटं असतं. पाणी जितकं जास्त, तितकं ते सावकाश बिघडतं. वीस लिटरात एखादी गोगलगाय मेली आणि लक्षात आलं नाही, तर सगळं नासतं. दीडशे लिटर तेवढं पचवतात. तेव्हा ‘एवढी मोठी कशाला?’ याचं उत्तर आळस.

आता मिठाचं. बाबा, तुम्ही शिरोड्याच्या आगरातलं मीठ पाठवू का म्हणालात. मनापासून हसले, आणि मग वाटलं की प्रश्न बरोबर आहे. समुद्राचंच मीठ, मग का नको? कारण आगरात पाणी आटत जातं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना आणि जिप्सम बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहतं. आगरवाले मीठ ओढून घेतात आणि ते कडू पाणी सोडून देतात. म्हणून हाताशी येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. ते परत पाण्यात घातलं तर पाणी खारट होईल, समुद्र होणार नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम साधारण १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम ०.४ ग्रॅम असतं, आणि प्रवाळांना त्याच्याशी कर्तव्य असतं. इथे या कामासाठी सगळे क्षार मोजून घातलेलं मिश्रण मिळतं. लिटरला ३५ ग्रॅम. पहिल्यांदा टाकी भरताना पाच किलोहून जास्त मीठ लागलं. शिरोड्याचं मीठ कालवणात पडू दे, तिथेच ते शोभतं.

पाणीही नळाचं चालत नाही. इथलं पाणी इतकं कठीण की किटलीच्या तळाला पांढरी खपली धरते. आपल्याकडच्या आरओसारखंच यंत्र आहे, पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारी एक नळी. त्या पाण्यात मीठ विरघळवायचं, छोट्या पंपाने ढवळत ठेवायचं, ऊन करायचं, मग टाकीत. दर पंधरवड्याला पंधरा लिटर काढते आणि पंधरा लिटर नवं घालते. या घरातलं सगळ्यात मोठं काम ते एवढंच. साबुदाण्याची खिचडी करायलाही याहून जास्त लक्ष लागतं.

खरी मेख मात्र रोजच्या बाष्पीभवनात आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या टाकीतून दिवसाला दीडेक लिटर जातं, आणि ते भरून काढलं नाही तर आठवड्यात पाणी चढत्या खारटपणाने प्रवाळांना बाधतं. तिथे गोडंच पाणी घालायचं असतं. खारं घातलं तर दुप्पट घोटाळा. बाबा, पहिल्या पावसात कोळंबची खाडी एका रात्रीत गोडी होते आणि त्यातले जीव ते सोसतात, हे तुम्हीच मला दाखवलंय. खडकावरच्या प्रवाळांना ते जमत नाही, त्यांना वर्षभर एकच चव लागते. म्हणून पाण्याच्या पातळीवर नजर ठेवणारा एक सेन्सर लावला आहे. पातळी केसभर उतरली की तो बाजूच्या वीस लिटरच्या कॅनमधून गोडं पाणी आत ढकलतो. सगळ्या सामानात मला पैसे वसूल झाल्यासारखे वाटले ते या एका वस्तूचे.

फिल्टरबद्दल. आहे की, दिसत नाही इतकंच. ते खडक आहेत ना, बारा-तेरा किलोचे, भोकाभोकांचे, तोच फिल्टर. मासा जे टाकतो त्यातून अमोनिया होतो, आणि अमोनिया म्हणजे विष. खडकावर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि खडकाच्या आत जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे तिसरे त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. थोडं नायट्रेट उरतं, ते पंधरवड्याच्या बादलीतून जातं. ही रीत माझी नाही. जकार्तात ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. त्यांनी समुद्रातला जिवंत खडक आणि समुद्राचंच पाणी काचेत ठेवलं, हवेचे बुडबुडे सोडले आणि बाकी काही केलं नाही. १९६१ साली त्यांनी त्यावर लिहिलं तेव्हा यंत्रांवर विसंबलेल्या पाश्चात्त्यांना ते फारसं पटलं नाही. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी खडकांचीच रीत उचलली, त्यात फेस काढणारं यंत्र आणि चांगले दिवे घातले, आणि आज जगभर ती बर्लिनच्या नावाने चालते. ली यांच्या गावचं नाव लागलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

ते फेसाचं यंत्र मी घेतलेलं नाही. पावसाळ्यात चिवल्याच्या किनाऱ्यावर पिवळट फेस लागतो ना, तेच तत्त्व: पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्याला चिकटते आणि वर येते. मासे पुष्कळ असतील तर हवंच. माझ्याकडे मासे तीन.

त्या जिवाणूंची वस्ती व्हायला महिना-दीड महिना जातो. आई, तेव्हा व्हिडिओवर बघून तू म्हणाली होतीस, रिकामी टाकी कसली दाखवतेस. ती रिकामी नव्हती, पण तुला दिसण्यासारखं काही नव्हतं हे खरं. नंतर सगळ्यावर तपकिरी थर आला, तो ओसरल्यावर हिरवं शेवाळ. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, बाटल्या आणून पाण्यात ओततात आणि होतं ते बिघडवून ठेवतात. खाणं कमी घालायचं, शंखवाल्या गोगलगायी सोडायच्या आणि गप्प बसायचं. गोगलगायींनी काच आणि खडक असे चाटून काढले की मला शंका आली, आता उपाशी मरतील.

आणि आता आईच्या आवडीचं. ते जे हाताची मूठ उघडावी-मिटावी तसं सारखं चालू असतं आणि ज्याला तू ‘फुलझाड’ म्हणतेस, ते झाड नव्हे, प्राणी आहे. नाव झेनिया. त्याच कुळातलं एक प्रवाळ तांबड्या समुद्रात असतं आणि त्याच्या या उघडझापेवर शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये संशोधन छापलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. तयार होणारा प्राणवायू तिथेच साचला तर शैवालाचं काम मंदावतं. उघडझाप करून तो बाजूला सारला जातो. म्हणून मी प्रवाळांना काही भरवत नाही, दिवसाला नऊ तास निळसर दिवा लागतो, तोही टायमरवर.

सगळी प्रवाळं मऊ जातीची ठेवलीत: झेनिया, चामड्यासारखं एक, आणि खडकाला चिकटून पसरणारी मश्रूम प्रवाळं. टणक प्रवाळं दिसायला जास्त सुंदर, पण ती सांगाडा बांधतात. त्यासाठी कॅल्शियम रोज मोजून द्यावं लागतं आणि मग माणूस घरात बांधला जातो. झोअँथिड नावाचे प्रवाळांच्या नात्यातले जीवही घेतले नाहीत. रंग फार मोहक, पण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. ते चिकटलेला खडक गरम पाण्यात उकळल्याने अख्खं घर आजारी पडल्याच्या घटना झाल्या आहेत. माझ्याकडचे तुकडे याच शहरातल्या दुसऱ्या हौशी लोकांनी आपल्या टाकीतून कापून दिले. मऊ प्रवाळ कात्रीने कापलं तरी दोन्ही भाग जगतात. समुद्रातून काही उपटून आणलेलं नाही, हे बाबांना मुद्दाम सांगते.

एक सूचना: चामड्याचं प्रवाळ अधूनमधून चार-पाच दिवस आक्रसून बसतं आणि अंगावरची मेणासारखी कात टाकतं. व्हिडिओवर तसं दिसलं तर लगेच ‘मेला काय गो तो?’ असा मेसेज नको.

मासे म्हणजे क्लाउनफिशची एक जोडी आणि वाळूत बीळ करून राहणारा एक पिवळा गोबी. क्लाउनफिश पैदास केंद्रातले आहेत. आपल्याकडेही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बसवून दिली आहे. आई, यांचं एक गंमतशीर आहे. सगळे नर म्हणून जन्मतात. त्यातला सगळ्यात दांडगा असतो तो मादी होतो, आणि ती गेली की तिचा नवरा मादी होतो. घरात चालतं ते तिचंच. तू हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझ्या अंगठीतलं पोवळंसुद्धा याच गोतावळ्यातलं, बहुतेक भूमध्य समुद्रातलं. अंगात शैवाल नसलेलं, अंधारातल्या कपारीत राहणारं, आणि अतिशय सावकाश वाढणारं. मंगळाचं काय ते गुरुजींना माहीत.

आता चार आठवड्यांची व्यवस्था. दिवा टायमरवर, हीटर पाणी २५ अंशांवर ठेवतो, पाणी सेन्सर भरतो. वीस लिटरचा कॅन बारा-तेरा दिवस पुरतो, तरी खालच्या मजल्यावरच्या आजी दिवसाआड येणार आहेत, त्या आठवड्याला तो भरतील. मिठाचा डबा मी कपाटात बंद करून ठेवणार, कारण मदत करायच्या भरात माणूस काय घालेल सांगता येत नाही. खाण्यासाठी बाबांसारख्याच सात खणांच्या गोळ्यांच्या दोन डब्या आणल्या आहेत. दिवसाआड एक खण, चिमूटभर. काही झालं तरी जास्त घालायचं नाही, असं मोठ्या अक्षरात लिहून काचेवर चिकटवणार आहे. उपाशी राहून मासे मरतात त्यापेक्षा लाडाने मरतात ते अधिक. पाणी बदलणं एकदा चुकेल, त्याने काही बिघडत नाही.

बाबा, मालवणात अशी टाकी बसवायची म्हणता, त्याला मात्र माझा विरोध आहे. मे महिन्यात घरात पाणी तिशीच्या पार जाईल, थंड करायचं यंत्र लागेल, आणि पावसाळ्यात वीज गेली की पंप बंद आणि प्राणवायूही बंद. सर्जेकोटच्या खडकावरून ‘एखादा तुकडा’ आणू म्हणालात, ते तर बोलूही नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी प्रवाळं आहेत, वाघाच्या पंक्तीला. आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, म्हणजे तुमच्या नोकरीच्या काळातलंच. त्यापेक्षा मी आले की आणि समुद्र शांत असला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला आपण दोघं होडीने जाऊ. मागच्या वेळी पर्यटकांना मासे दाखवायला पाण्यात पाव टाकत होते आणि लोक प्रवाळांवरच उभे राहत होते, ते मला बघवलं नाही. आपण ओळखीचा होडीवाला घेऊ, जो नांगर वाळूत टाकतो. सप्टेंबरात पाणी गढूळ असेल तर राहू दे, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात ते बघायला जाऊ.

रजा मंजूर झाली आहे, तिकीट या आठवड्यात काढते. आईच्या मोतीबिंदूचं आता पुढे ढकलू नका. विसर्जनानंतर लगेचची तारीख डॉक्टरांकडून घेऊन ठेवा, म्हणजे नंतरचे थेंब घालायला मी तिथे असेन. दुसऱ्या डोळ्याचं तेव्हाच विचारून घ्या. आणि साखरेचा रिपोर्ट आधी लागेल, तो या सोमवारीच करून टाका, उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता. आई, हे तुला सांगतेय.

तुमची,
मनू