चोर सोडून संन्याशाला फाशी

महोदय,

जुन्या घरगुती संगणकांवरील आपल्या पुरवणीतील लेखात झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश संगणकावर रंग एकमेकांत घुसतात, हा यूएलए चिपचा (पडदा, कीबोर्ड आणि कॅसेट सांभाळणाऱ्या चिपचा) दोष ठरवला आहे. तो दोष नव्हे, समजून-उमजून केलेली काटकसर आहे. पडदा 256 बाय 192 ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला 4 बिटांचा रंग द्यायचा तर 24,576 बाइट हवेत. आणि 1982 च्या 125 पौंडांच्या मॉडेलमध्ये रॅमच मुळी 16,384 बाइट! म्हणून त्याचे अभियंते रिचर्ड ऑल्टवासर यांनी 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनाला दोनच रंग दिले आणि सगळा पडदा 6,912 बाइटांत बसवला.

खऱ्या चुका वेगळ्याच आहेत. फेरांटी कंपनीच्या या यूएलए चिपमध्ये आतले घटक आधीच तयार असत, गिऱ्हाईक फक्त वरची धातूची जोडणी ठरवी. स्वस्त खरे, पण चूक निघाली की जोडणीचा नवा साचा (मास्क) करून नव्या चिपा येईपर्यंत थांबा. त्यामुळे पहिल्या आवृत्तीच्या बोर्डावर एक छोटी चिप पाय वर करून चिकटवावी लागली. जाणकार तिला 'मेलेले झुरळ' म्हणतात आणि ती दिसतेही तशीच.

दुसरी चूक 'बर्फा'ची. झेड80 हा प्रोसेसर दर आज्ञा उचलल्यावर रॅम ताजी ठेवण्यासाठी आय रजिस्टरचा (आपल्या आतल्या एका छोट्या साठ्याचा) पत्ता बाहेर काढतो. आयमध्ये 64 ते 127 पैकी आकडा असला की तो पत्ता आणि यूएलए पडद्यासाठी वाचत असलेला पत्ता यांची सरमिसळ होते व पडद्यावर ठिपके भुरभुरतात. 48 केबीच्या यंत्रावर आयएम 2 या इंटरप्ट पद्धतीत आय ज्या तक्त्याकडे बोट दाखवतो, तो 32768 च्या वर ठेवावा, प्रश्न मिटतो.

कीबोर्डचेही तसेच. कळा जिथून वाचतात ते पोर्ट 254 वाचल्यावर एकही कळ दाबलेली नसताना बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीवर 255 येतात, तिसरीवर बहुधा 191, कारण (शून्यापासून मोजता) सहावा बिट कॅसेटच्या तारेचा आहे. थेट 255 शी तुलना करणारे जुने खेळ इथेच अडकतात. आलेला आकडा 31 शी अँड करावा, म्हणजे खालचे पाच बिट तेवढे उरतात. कळांचे बिट तेवढे पाचच.

भारतात 1986 मध्ये डेसिबेल्सने परवान्याने काढलेले डीबी स्पेक्ट्रम प्लस अजून कुणाच्या माळ्यावर असतील, म्हणून एक सूचना. यंत्र बंद पडले की लोक आधी यूएलए उपटतात. बॉर्डर (चित्राभोवतीची चौकट) नीट दिसते आणि मधे नुसता कचरा, तर यूएलए जिवंत आहे; बॉर्डरला रॅम लागत नाही. संशय 4116 या रॅम चिपांवर घ्यावा (आयसी 6 ते 13). मल्टिमीटरने पिन 1 वर उणे 5, पिन 8 वर 12 आणि पिन 9 वर 5 व्होल्ट तपासावेत. उणे 5 नसेल तर तत्काळ वीज बंद करावी, नाहीतर उरलेल्या 4116 ही जातील. बहुतेक वेळा टीआर4 हा ट्रान्झिस्टर, झेडटीएक्स650, उडालेला असतो. नेहमीचे कारण : यंत्र चालू असताना मागच्या जोडणीच्या पट्टीत इंटरफेस (जोडउपकरण) खुपसणे. अॅडाप्टर 9 व्होल्टचा, मध्यभाग ऋण असलेलाच लावावा. बाजारातले बहुतेक उलटे असतात.

— एक वाचक, ठाणे