तास मोडल्याशिवाय वाटता येत नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. लेकीच्या वहीतलं गणित जसंच्या तसं उतरवून पाठवलंस हे फार बरं केलंस. 7 तास 25 मिनिटांचे 4 समान भाग करायचे, आणि तिचं उत्तर 1 तास 81 मिनिटं. उत्तर चुकलंय हे तुला दिसतं, पण नेमकं कुठे चुकलं ते तिला सांगता येत नाही, म्हणून तू हैराण झालास.

आधी एक सांगतो, तिला रागावू नकोस. तिने 7.25 ला 4 ने भागलं, 1.8125 आलं. हा भागाकार अगदी बिनचूक आहे. चूक त्याच्या आधीची, 7 आणि 25 यांच्या मध्ये टिंब दिलं तिथली. 7.25 तास म्हणजे सव्वासात तास, म्हणजे सात तास पंधरा मिनिटं. टिंबापुढचे 25 हे शंभरातले पंचवीस आणि घड्याळातले 25 हे साठातले. म्हणजे तिने भागायला घेतली ती वेळच वेगळी होती. आणि 1.8125 मधले 81 मिनिटं म्हणून वाचले, तेव्हा तीच चूक उलट्या बाजूने पुन्हा झाली.

आता तिला शेजारी बसव आणि टिंब न वापरता करून दाखव. 7 तास चौघांत वाटले, प्रत्येकाला 1, बाकी 3. हे 3 तास तसेच वाटता येत नाहीत, ते मोडायचे. 3 तासांची 180 मिनिटं, त्यात आधीची 25, एकूण 205. 205 ला 4 ने भागलं की 51, बाकी 1. हे एक मिनिटही मोडायचं, 60 सेकंद, प्रत्येकाला 15. उत्तर 1 तास 51 मिनिटं 15 सेकंद. सगळी मेख त्या बाकीत आहे. नेहमीच्या भागाकारात बाकी खालच्या घरात उतरताना दहापट होते, इथे साठपट. मुलांचा हात दहाला सरावलेला असतो, म्हणून तो तिथेच घसरतो.

ही चूक इतकी चिवट का, यावर मी बराच विचार केलाय. ती कधीकधी बरोबर उत्तर देते म्हणून! साडेचार तास तू 4.30 असे लिही आणि 2 ने भाग. 2.15 येतं, आणि खरं उत्तरही सव्वादोन तासच आहे. 6.30 ला 3 ने भागलं तरी 2.10, तेही बरोबर. तासांची बाकी उरत नाही तोवर टिंब निभावून जातं. साडेपाच तास 5.30 लिहून निम्मे केले की मात्र 2.65 येतं, आणि हवे असतात पावणेतीन तास. दोनदा उत्तर जुळलं की पोराला वाटतं आपली रीत बरोबर आहे. तिसऱ्यांदा चुकतं तेव्हा ते रीतीवर नाही, स्वतःवर शंका घेतं. याचं मला फार वाईट वाटतं.

मी स्वतः यात फसलोय. वडील आजारी होते तेव्हा आम्ही तिघा भावांनी रात्रीचं जागरण वाटून घेतलं होतं. रात्री 9 ते सकाळी 7, दहा तास. मी मोबाइलवर 10 भागिले 3 केलं, 3.33 आलं, आणि कागदावर लिहून टाकलं, प्रत्येकी 3 तास 33 मिनिटं. पहिली पाळी 12:33 पर्यंत, दुसरी 4:06 पर्यंत. तिसऱ्याच्या वाट्याला उरले 2 तास 54 मिनिटं. खरं तर एक तृतीयांश तास म्हणजे 20 मिनिटं, प्रत्येकी 3 तास 20 मिनिटं. मधली पाळी थोरल्या दादाची होती. तीन रात्री तो 3 तास 20 मिनिटांऐवजी 3 तास 33 मिनिटं बसला, काही बोलला नाही. चौथ्या दिवशी कागद पाहताना माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून दशांशातली वेळ दिसली की मी टिंबापुढचा भाग आधी 60 ने गुणतो. 0.1 तास म्हणजे 6 मिनिटं, एवढं पाठ असलं तरी बरंच भागतं.

मग साठच कशाला, असं ती विचारेल. विचारू दे. बाबिलोनियातले लोक सुमारे 4000 वर्षांपूर्वी साठाच्या पायावर आकडे मांडत. साठाला 2, 3, 4, 5, 6 सगळ्यांनी निःशेष भाग जातो. शंभराला 3 ने जात नाही, 6 नेही नाही. तासाचा तिसरा हिस्सा सरळ 20 मिनिटं येतो ही त्या साठाचीच कृपा. आपल्या घटका आणि पळंही तशीच. दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळं. म्हणजे घटका 24 मिनिटांची आणि पळ 24 सेकंदांचं. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर 1793 मध्ये दिवसाचे 10 तास, तासाची 100 मिनिटं असा कायदा केला होता. तुझ्या लेकीचं टिंब त्या घड्याळात बरोबर ठरलं असतं. पण 1795 मध्ये त्याची सक्ती मागे घेतली गेली.

तिला अजून एक फरक दाखव, पुस्तकात तो चटकन निघून जातो. वेळेला संख्येने भागलं की वेळ मिळते. वेळेला वेळेने भागलं की नुसती संख्या मिळते. 6 तास 40 मिनिटांत 25 मिनिटांचे किती तुकडे? इथे आधी दोन्हीकडे मिनिटं करायची, 400 भागिले 25, उत्तर 16. सोळा तास नाहीत, सोळा मिनिटंही नाहीत, सोळा तुकडे.

महिन्यांच्या नादी मात्र सध्या लागू नका. आठवडा 7 दिवसांचा, दिवस 24 तासांचा, हे पक्कं. महिना कधी 28, कधी 31, त्याला ठरलेल्या आकड्याने गुणता येत नाही.

तिच्यासाठी एक गणित पाठवतो. 10 लाख सेकंद म्हणजे किती दिवस, तास, मिनिटं, सेकंद? दिवसाचे 86,400 सेकंद, एवढंच सांग. तिचा पहिला अंदाज काय होता तेही मला कळव, मग ती 11 दिवस 13 तास 46 मिनिटं 40 सेकंदांपर्यंत कशी पोचली ते लिही. कागद तिच्याच हातात राहू दे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र