कीबोर्डाचा माग काढून देणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये अशी आपली ताकीद असल्यामुळे हे पत्र बिननावाने लिहीत आहे; मात्र सक्करदऱ्यातील आमच्या अभ्यासिकेचे संगणक कोणामुळे मार्गी लागले, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

देणगीत मिळालेल्या त्या जुन्या संगणकांवर विंडोज ७ होते. त्याची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबली होती आणि नवी विंडोज पेलण्याची त्यांची ऐपत नव्हती, म्हणून समितीने त्यांच्यावर लिनक्स मिंट या मोफत संचालन प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून घेतली. हे काम यूएसबी कीबोर्डवर झाल्याने तेव्हा काहीच जाणवले नाही. पुढे अभ्यासिकेतले जांभळ्या गोल पिनेचे, म्हणजे पीएस/२ या जुन्या जोडणीचे कीबोर्ड जोडले, तेव्हा माउस व्यवस्थित फिरे, पण पासवर्डच्या चौकटीत एक अक्षर उमटेना. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते व त्याचाच सराव करायला आमच्याकडे मुले-मुली येतात. त्यामुळे कीबोर्डाविना संगणक ही आमच्या दृष्टीने निव्वळ अडगळ होती. एका दुकानदाराने सगळे कीबोर्ड बदलायला सांगितले, तर दुसऱ्याने मदरबोर्डच गेल्याचा निकाल देऊन टाकला.

आपण मात्र आल्याबरोबर काहीही बदलले नाही. दाबलेली कळ कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे हरवते, एवढेच आधी पाहू या, असे म्हणालात. संगणक सुरू होताना डिलीट दाबल्यावर बायोसचा, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या अंगभूत प्रणालीचा पडदा उघडला, म्हणजे कीबोर्ड, वायर आणि पोर्ट तिन्ही शाबूत. मग शिफ्ट दाबून धरून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा मेनू आणलात, तर तिथेही बाणाच्या कळा चालल्या. लॉगिनच्या पडद्यावर मात्र कॅप्स लॉकचा दिवा लागेना. ग्रबपर्यंत कीबोर्ड बायोस सांभाळतो आणि त्यानंतर लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, तो स्वतःच्या ड्रायव्हरकडे (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) घेतो, तेव्हा घोटाळा या हस्तांतरातच आहे, हे आपण भोवती जमलेल्या मुलांना इतक्या सावकाश समजावलेत की संगणकाला कधी हात न लावलेल्या आमच्या खजिनदारांनाही ते कळले.

नंतर पिशवीतला यूएसबी कीबोर्ड लावून टर्मिनलवर डीमेसेग ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा दिलीत आणि पीएस/२ कंट्रोलर (त्या कीबोर्डाच्या कळा वाचणारी चिप) सापडला नाही, अशी नोंद बोट ठेवून दाखवलीत. कंट्रोलर जागेवर होता. पण बायोसने आपल्या उपकरणांच्या यादीत तो सांगितलाच नव्हता आणि आय८०४२ हा ड्रायव्हर त्या यादीवर विसंबून राहिला होता. ग्रबमध्ये ई दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘आय८०४२.नोपीएनपी’ (म्हणजे बायोसच्या यादीवर विसंबू नको) एवढे जोडून एफ१० दाबताच कॅप्स लॉकचा दिवा लागला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. असा बदल त्या वेळेपुरताच असतो, संगणक पुन्हा सुरू केला की पुसला जातो, म्हणून करून पाहायला भिऊ नये, हे आपले वाक्य मुले अजून एकमेकांना ऐकवतात. गुण आल्याची खात्री पटल्यावरच आपण तो ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये लिहून अपडेट-ग्रब चालवलेत.

सगळ्यांचे दुखणे एकच नव्हते, हेही नमूद करायला हवे. एका संगणकात कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून उघडलेल्या काळ्या पडद्यावर टंकन होई, पण चित्रमय पडद्यावर होत नसे. तिथे इनपुटचे एक पॅकेज कोणीतरी काढून टाकलेले निघाले. दुसऱ्यात कळ बराच वेळ दाबून धरली तरच अक्षर येई. तिथे जाडजूड प्रश्नसंच शिफ्टच्या कळेवर टेकून राहत असे आणि शिफ्ट आठ सेकंद दबलेली राहिली की स्लो कीज ही सोय आपोआप सुरू होत असे. त्यावर सर्वांत जास्त हसलात ते आपणच.

चालू संगणकातून पीएस/२ ची पिन उपसणाऱ्या मुलाला आपण रागावलात, तेही बरेच झाले. यूएसबीसारखी ती चालू स्थितीत काढण्याघालण्यासाठी बनलेली नाही, अशी सूचना आता प्रत्येक टेबलावर चिकटवली आहे. आपण मानधन नाकारलेत. समितीला ते आवडलेले नाही, पण आपल्यापुढे कोणाचे चालले नाही.

नंदनवनातल्या एका वाचनालयातही अशीच तक्रार आली, तेव्हा आमची दोन मुले आपण सांगितलेला क्रम वहीत उतरवून घेऊन गेली. तिथे नोपीएनपीचा उपयोग झाला नाही, कंट्रोलर नव्याने सुरू करायला सांगणाऱ्या ‘आय८०४२.रीसेट’ने काम झाले. आपला यूएसबी कीबोर्ड त्यांच्याकडेच आहे. तो येत्या रविवारी घरी पोहोचवण्याची व्यवस्था केली आहे.

आपली कृतज्ञ,
अभ्यासिका समितीच्या वतीने सचिव
सक्करदरा, नागपूर