जुनं विमान नाही, जास्तीचं वजन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या विमानांच्या अपघातांवर जो लेख आलाय तो ई-पेपरवर वाचला. मी मूळची कराडची, पण गेली अकरा वर्षं अलास्कात अँकरेजला राहते त्यामुळे विषय बघूनच उघडला. लेखकांनी सगळं खापर "पन्नास वर्षं जुन्या डबड्यांवर" फोडलंय ते काही पटलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी इथली परिस्थिती सांगते. अलास्का महाराष्ट्राच्या पाचपट मोठं आणि माणसं साडेसात लाखसुद्धा नाहीत, बहुतेक गावांना बाहेरून यायला रस्ताच नाही. पेशंट, टपाल, दूध-अंडी, शाळेची बास्केटबॉलची टीम सगळं छोट्या विमानातनं येतंजातं. आमच्या इथल्या लेक हूड तळ्यावर आपल्याकडे घाटावर होड्या बांधतात तशी विमानं बांधून ठेवलेली असतात. लेखकांनी ज्याची टर उडवलीय ते पायपर सुपर कब १९४९ पासूनचं मॉडेल आहे हे खरंय, एकामागे एक दोन सीट, अंगावर कापड ताणून बसवलेलं, पण ते फुग्यासारखी टायर लावून नदीकाठच्या गोट्यांवर उतरतं आणि तिथनंच उठतं. इथं अजून त्याला तोड नाही. जुनं झालं म्हणून आपोआप पडत नाही हो ते.

आता १२ सप्टेंबर २०२३ चा अपघात घ्या. त्यावेळच्या इथल्या खासदार मेरी पेल्टोला यांचे पती युजीन पेल्टोला त्यात गेले. विमान सुपर कबच. पश्चिम अलास्कात सेंट मेरीज नावाचं गाव आहे, त्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका धावपट्टीवरनं ते शिकाऱ्यांनी मारलेल्या मूसचं (हे इथलं मोठ्ठं हरीण) मांस घेऊन निघाले होते, आणि उठल्यावर लगेच विमान उजवीकडे वळून पडलं. शिकारी धावत गेले, जमेल ते केलं, पण युजीन वाचले नाहीत.

एनटीएसबीने म्हणजे इथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने नंतर सगळा हिशोब काढला. विमानात ५०० पाउंडांपेक्षा जास्त मांस होतं आणि एकूण वजन मर्यादेपेक्षा ११७ पाउंडांनी जास्त भरलं. म्हणजे साधारण ५३ किलो, एक बारीक माणूस जास्तीचा! ऐकायला काहीच वाटत नाही. पण ज्यादा वजनाला उठायला जास्त स्पीड लागतो, स्पीडला जास्त पट्टी लागते, आणि डोंगरावरची पट्टी काही तुमच्यासाठी लांब होत नाही. वर वळताना पंखांवर आणखी भार येतो तो वेगळाच. त्यात डोंगरावरून उतरणारा वारा विमानाला खाली दाबणारा.

आणि शिंगं. मूसची शिंगं चार-चार फूट रुंद असतात, आत मावत नाहीत म्हणून ती उजव्या पंखाच्या तिरक्या दांडीला बाहेरून बांधली होती. इथला कायदा असा की खाण्याजोगं मांस टाकून नुसती शिंगं घेऊन जायचं नाही, आधी मांस बाहेर काढायचं किंवा शिंगं त्याच्यासोबत न्यायची. कायदा चांगलाच आहे, पण त्यामुळे शिंगं मांसाच्या खेपेला येऊन चिकटतात. शिंगांचं वजन एवढं काही नसतं, त्रास हवेचा. एकाच बाजूला एवढं वेडंवाकडं अडकवलं की वारा तिथे अडतो आणि विमान त्या बाजूला ओढ घेतं. असं बाहेरून काही बांधायचं तर एफएएची म्हणजे इथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याची रीतसर परवानगी लागते, ती नव्हती. पण शिंगं बांधून उडायची पद्धत इथे कित्येक वर्षांची आहे, इतकी की कुणाला ते वावगंच वाटत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. माणूस नवखा नव्हता, मुलूख पाठ होता, त्या दिवशी आधी एक खेप नीट होऊनही गेली होती. आधीची गेली ना, मग ही पण जाईल. आमच्या पाटण रोडला वडाप जीपवाले अजून दोघं मागे लटकवायचे तेव्हा हेच म्हणायचे, आणि जायची पण जीप. फरक एवढाच की जीप निदान कुरकुरते, स्प्रिंगा बसतात, चढाला दम टाकते. विमान उभं असेपर्यंत सगळा भार चाकांवर असतो, ती बिचारी काही बोलत नाहीत. चाकं सुटली की मग कळतं आणि तोवर पट्टी मागे गेलेली असते.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशी बातमी छापताना विमान किती सालचं ते खुशाल छापा पण त्याच्या आधी किती भरलं होतं, पट्टी कशी होती, वारा कुठला होता ते विचारा.

जाता जाता स्वतःचं सांगते. मी डोळे तपासणीच्या कॅम्पला पहिल्यांदा बेथेलहून पुढच्या गावाला निघाले तेव्हा काउंटरवरच्या बाईने सगळ्यांसमोर मोठ्यांदा वजन विचारलं. लाजेने मी चार किलो कमी सांगितले. तिने काही न बोलता शेजारच्या काट्याकडे बोट केलं, बॅगेसकट उभं केलं आणि आकडा लिहून घेतला. आता मी विचारायच्या आधीच खरं सांगते, बुटा-जाकिटासकट.

आपली,
एक वाचक, अँकरेज