सुध्या, तेवीस वर्षांनी तू जिंकलास

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा आहे तसाच, साखर ताब्यात.

धनगरांच्या वाड्यावरची ती रात्र आठवते? मी लांडग्याचं महत्त्व समजावत होतो आणि तिथले धनगर बाबा शांतपणे म्हणाले, "सायेब, मेंढरं तुमची हायती का?" तू फसकन हसलास. परतीच्या एसटीत भांडलो, तीन आठवडे अबोला.

परवा पुन्हा तेच झालं, इथे न्यू मेक्सिकोत. ॲरिझोनाचे खासदार पॉल गोसार यांनी इथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, विधेयक आणलंय: मेक्सिकन लांडग्याला संकटग्रस्त यादीतून काढा. १९७६ पासूनचं संरक्षण! सगळी जमात पिंजऱ्यातल्या ७ जनावरांपासून वाढवलेली. १९९८ मध्ये ११ सोडले, २०२४ अखेर जंगलात किमान २८६. म्हणे झाले पुरेसे. अरे, सरकारचीच अट आहे, आठ वर्षांची सरासरी ३२० हवी, शिवाय मेक्सिकोत २००. आणि सगळे एकमेकांचे भाऊबंद. नवं रक्त येणार कुठून? त्यात आय-४० महामार्गाच्या उत्तरेला जायची बंदी. एक मादी दोनदा गेली, दोनदा धरून आणली. शाळेतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं आशा. तुझ्या आशाताईला सांग, तीही वेशीत कधी राहिली नाही!

हे सगळं पाठ करून मी एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या रँचवर गेलो. म्हातारा मला ओढ्यात घेऊन गेला. वासराची हाडं आणि कातड्याचा तुकडा. भरपाई आहे, पण लांडग्यानंच मारलं हे ठरायला हवं, आणि सापडेपर्यंत ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं. तो चिडला असता तर मी वाद घातला असता. तो फक्त म्हणाला, याची आई दोन दिवस इथेच हंबरत होती. माझ्या तोंडून एक आकडा निघाला नाही.

घरी येऊन विधेयकाच्या विरोधात पत्र मात्र पाठवलं. अजूनही तेच पटतं. पण सही करताना चोरट्यासारखं वाटलं, आणि हे इथे कुणाला सांगू? इथले माझे मित्र एक तर लांडग्याचे नाही तर गाईंचे. तू निदान दोघांनाही हसतोस.

पोरीचं ठरलं म्हणे? अभिनंदन. जावई ट्रेकिंगवाला नसला म्हणजे मिळवली. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. त्या बाबांचं नाव काय होतं रे? माझं भाषण शब्दन्‌शब्द आठवतंय, नाव आठवत नाही.